नेजदेतचा फिरता खांब

दर शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास ज्युडा नागावकर कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या त्या जुन्या विटांच्या हॉलच्या पायऱ्या चढायचे. उजव्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेचा कागद ठेवलेल्या त्या बोटभर डबीला, हात लावून बोटं ओठांशी न्यायचे. मग डाव्या कोनाड्यातला संगमरवरी खांब तळव्याने एकदा गरकन फिरवायचे. साडेसहा फूट उंचीचा, मनगटाएवढा जाड खांब. तो जात्यासारखा घुंऽ करून फिरला की ज्युडा म्हणायचे, "ठीक आहे," आणि किल्ली काढायचे. एकोणीस वर्षांत यात खंड पडला तो फक्त त्यांच्या बायपासच्या वेळी, आणि तेव्हाही त्यांनी बायकोला, सिपोराबाईंना, खांब फिरवायला पाठवलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी खांब फिरला नाही.

ज्युडांनी हातमोजा काढला. पुन्हा तळवा लावला. दगड बर्फासारखा गार होता आणि जमिनीत रुजल्यासारखा घट्ट. त्यांनी किल्ली काढली नाही. पायऱ्या उतरून रस्त्यापलीकडे गेले आणि बराच वेळ हॉलच्या छपराकडे बघत उभे राहिले.

ज्युडा मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. आजोबांचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. नातवाने घाणा सोडून मुंबईच्या गोदीत फिटरचं काम धरलं आणि तिसाव्या वर्षी, बायको आणि कडेवरचा मुलगा गिलाद यांना घेऊन तो हॅमिल्टनला आला. इथल्या स्टीलच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. यंत्राला हात लावून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचे. शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, फिलर गेज हवाच. पातळ पोलादी पानांचा तो जुडगा, ज्यातलं एकेक पान फटीत सारून फट किती मिलिमीटरची आहे ते कळतं. नातीच्या नामकरणाच्या फोटोतही तो खिशातून डोकावतो आहे.

कारखान्यातच त्यांना नेजदेत भेटला. तुर्कस्तानातून आलेला गवंडी. भट्ट्यांच्या आत शिरून विटांचं अस्तर लावायचा. दोघांचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत. तो यांना 'ज्युडा आबी' म्हणायचा, आबी म्हणजे थोरला भाऊ. हे त्याला 'उस्ताद' म्हणायचे. नेजदेत हसून सांगायचा, "आमच्याकडेही उस्ताच. शब्द तुमच्याआधी आमच्याकडे पोचला."

डब्याच्या सुट्टीत नेजदेत नेहमी एकाच इमारतीबद्दल बोलायचा. मार्माराच्या किनाऱ्यावर त्याचं गाव, आणि गावात साडेचारशे वर्षांची मशीद. सुलतानाच्या आरमारातल्या कुणा कप्तानाने बांधलेली. जमीन भुसभुशीत, समुद्र पायाशी. म्हणून बांधणाऱ्यांनी आधी चिखलात लाकडी खुंट ठोकले आणि त्यावर पाया घातला. दगडाला दगड जोडताना मधे लोखंडाची कडी घालायची आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे भूकंपात दगड हलले तरी कडी तुटत नाही, शिसं थोडं दबतं. चौकोनी भिंतींवर गोल घुमट कसा बसतो, कोपऱ्यांतल्या कमानी त्याचा भार कसा खाली उतरवतात, हे तो डब्यातल्या पावाचे तुकडे मांडून दाखवायचा. वर शिशाचे पत्रे. पुढे पाच लहान घुमटांची ओसरी, उशिरा आलेल्यांनी तिथेच नमाज पढायचा. आणि ओसरीतल्या मुख्य दाराच्या दोन्ही अंगांना दोन फिरते खांब.

"शोभेचे?" ज्युडांनी विचारलं होतं.

"शोभेचे नाही, आबी. तपासनीस. त्यांच्यावर भार नसतो. वर दोन केसांएवढी फट. इमारत बसली, झुकली, की फट बुजते. खांब फिरायचा थांबतो. ज्याने बांधलं तो मेला, तरी खांब सांगत राहतो."

नेजदेतचे वडील त्या मशिदीची झाडलोट आणि दिवाबत्ती करायचे. दर शुक्रवारी, माणसं जमायच्या आधी, दोन्ही खांब फिरवून बघायचे. एका वर्षी उजवा खांब अडकला. वडिलांनी कचेरीत जाऊन सांगितलं. कचेरीने इंजिनीअर पाठवला नाही. कानस घेतलेला एक माणूस पाठवला. कुणी मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांना फिरता खांब दाखवायचा होता. त्या माणसाने वरची कड घासली, खांब फिरू लागला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये भूकंप झाला. उकाड्यामुळे वडील ओसरीतच झोपायचे. मोठा घुमट तसाच राहिला. ओसरीचे पाचातले दोन खाली आले.

हे सांगून नेजदेत पावाचे तुकडे एकेक करून खाऊन टाकायचा. मग म्हणायचा, "खांब थांबला तर खांबाला हात लावायचा नाही. माणसांना बाहेर काढायचं. एवढंच."

पुढे बेने इस्राएल मंडळींनी, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंनी, प्रार्थनेसाठी हा हॉल घेतला. टोरांटोची मंडळी धरून सगळी मिळून चाळीसेक घरं. हॉल शंभर वर्षांचा, पूर्वी कुठल्याशा कामगार मंडळाचा. दारापुढची ओसरी पार मोडकळीला आली होती. ती नेजदेतने सुट्टीच्या दिवसांत बांधून दिली आणि ज्युडांच्या शब्दाखातर एक फिरता खांब बसवला. खाली काशाची खोबण, वर दाराच्या तुळईखाली काशाचीच वाटी, मधे बरोबर दोन मिलिमीटरची फट. मजुरी घेतली नाही. सिपोराबाईंच्या हातचं वालाचं बिरडं मात्र दोनदा मागून घेतलं.

मग माणसं जे करतात ते माणसांनी केलं. पहिल्याच वर्षी एका नवऱ्या मुलाने गंमत म्हणून नवरीचा हात धरून खांब फिरवला. दुसऱ्या जोडप्याने त्यांचं बघून फिरवला. पाच-सात वर्षांत ती रीतच होऊन बसली. मेझुझाला हात लावायचा, जोडीने खांब फिरवायचा, मग आत पाऊल टाकायचं. म्हाताऱ्या बायका सांगू लागल्या की खांब सहज फिरला तर संसार सहज चालतो. नेजदेतला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. "आबी, हा तापमापक आहे. तुम्ही त्याला हार घालताय," म्हणाला. दोन वर्षांपूर्वी तो फुप्फुसाच्या आजाराने गेला.

खांब थांबला त्या शुक्रवारी ज्युडांनी गिलादला फोन केला. गिलाद हॉलच्या समितीचा सेक्रेटरी.

"पप्पा, मायनस अठरा आहे बाहेर. माझं गॅरेजचं दारसुद्धा जाम झालंय."

"मायनस तीसमध्ये फिरलाय तो, गिलाद."

"ओके, ओके. इन्स्पेक्टर बोलावतो. पण तुम्ही शेलीआंटींसमोर काही बोलू नका हं. रविवारी त्या हॉल बघायला येतायत."

शेली म्हणजे होणारी विहीण. गिलादच्या मुलीचं, डॅनिएलाचं, टोरांटोच्या आरोनशी लग्न ठरलं होतं. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये साखरपुड्याचा मलिदा होता. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचं ताट करायचं, फळं ठेवायची, गाणी म्हणायची. ऐंशी माणसं येणार होती.

रविवारी सकाळी इन्स्पेक्टर आला. वीस मिनिटं टॉर्च मारून बघितलं, आतलं प्लास्टर ठोकलं, "दिसण्यासारखं काही नाही" असं लिहून सही केली. तुळईचं टोक भिंतीच्या आत होतं, ते कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. दुपारी शेली आल्या. मेझुझाला हात लावला, हौसेने खांबाला लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा फिरत नाही?"

"थंडीमुळे, आंटी," गिलाद म्हणाला.

"माझ्या नणंदेच्या लग्नात मंडपाचा खांब कलला होता. दीड वर्षात माहेरी परत आली ती." एवढं बोलून शेली हसल्या. पण ते हसू कुणालाही बरं वाटलं नाही.

डॅनिएला गाडीत बसून रडली. सव्वीस वर्षांची, इस्पितळात नर्स, रोज माणसं मरताना बघणारी मुलगी. ज्युडा खिडकीशी वाकले तेव्हा म्हणाली, "आय नो इट्स स्टुपिड, आजोबा. बट शी विल नेव्हर फर्गेट इट. कॅन यू फिक्स इट? प्लीज? यू फिक्स एव्हरीथिंग."

ते खरं होतं. तिची पहिली सायकल, तिचा मोडलेला चष्मा, तिच्या कॉलेजच्या खोलीतला हीटर. या मुलीला त्यांनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं आणि शहात्तराव्या वर्षी ते कसं म्हणायचं हे त्यांना कळत नव्हतं.

पाच दिवस त्यांनी तग धरला. शुक्रवारी सकाळी ते हातग्राइंडर घेऊन हॉलवर गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. इन्स्पेक्टरची सही झाली आहे, असं ते मनाशी दोनदा म्हणाले. मग खांबाची वरची कड त्यांनी गोल फिरून घासली. ज्या हातांनी तीस वर्षं शतांश मिलिमीटर सांभाळले, ते हात जरासुद्धा थरथरले नाहीत. फिलर गेजचं दीड मिलिमीटरचं पान वरच्या फटीत सहज गेलं. तळवा लावला. खांब फिरला, आणि आवाजही जवळजवळ पूर्वीचाच आला.

खालचा पांढरा भुगा त्यांनी हाताने गोळा करून खिशात घातला. कचऱ्याच्या डब्यात का टाकला नाही, ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"फिरतोय," त्यांनी गिलादला सांगितलं.

"बघा! थंडीच होती. सेफ आहे ना पण?"

"सेफ आहे," ज्युडा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरून मन उडालं. सिपोराबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळत होतं की हा माणूस काही लपवत असला की हात सारखे धुतो. ज्युडा रोज गाडीने हॉलवरून जायचे. वेग कमी करायचे, थांबायचे नाहीत. गुरुवारपासून ओला, जड बर्फ पडू लागला, आणि शनिवारी त्यावर पाऊस.

रविवारी सकाळी नऊला ते एकटेच हॉलवर पोचले. छपरावर हातभर बर्फ पाणी पिऊन करडा झाला होता. पन्हळीतून पाणी गळत होतं, पण बाहेर नाही. भिंतीलगत ओघळत, तुळईच्या टोकापाशी येऊन ते विटांच्या आत जिरत होतं. तिथल्या विटा काळ्या पडल्या होत्या. इतके दिवस तिथे बर्फ होता, म्हणून कुणाला दिसल्या नव्हत्या. की बघितल्याच नव्हत्या?

त्यांनी मेझुझाला हात लावला. मग खांबाला.

खांब घट्ट होता.

त्यांनी गेज काढला. दीड मिलिमीटरचं पान लावलं. मग एकाचं. अर्ध्याचं. सगळ्यांत पातळ पान, सिगारेटच्या कागदासारखं, तेसुद्धा कुठेच शिरेना.

एकोणीस वर्षांत बुजलेली दोन मिलिमीटरची फट, आणि आता नऊ दिवसांत दीड. घासला नसता तर खांब फक्त 'थांबलो' एवढंच म्हणत राहिला असता. घासल्यामुळे त्याने वेगही सांगितला. ज्युडांना हे पुरतं समजायला एक क्षण लागला, आणि त्याच क्षणी भिंतीच्या आत कुठेतरी बारीक टक् असा आवाज झाला. भरपूर भार घेतलेलं लाकूड असं बोलतं. त्यानंतर त्यांना दुसरा आवाज आला, आतून, ताटल्यांचा.

सिपोराबाई, शेजारच्या मंदाकिनीबाईंनी गाडीने सोडल्यावर, आठलाच मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरल्या होत्या.

ज्युडा हॉलमधून पळाले नाहीत. भिंतीला धरून, पाय हलके टाकत गेले. सिपोराबाई परातीत पोहे कालवत होत्या.

"आलात? नारळ खवून द्या जरा."

"सिपोरा, बाहेर चल."

"अहो, पोहे भिजलेत. पाच मिनिटं."

"आत्ता चल."

"गुळाचं बघायचंय अजून, खजूर..."

"मी खांब घासला, सिपोरा."

त्यांनी मान वर केली. नेजदेतच्या वडिलांची गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. सिपोराबाईंनी गॅस बंद केला, परात उचलली आणि मागच्या दाराकडे चालू लागल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कोट आत राहिला."

"राहू दे."

ज्युडांनी आपला कोट त्यांच्या खांद्यांवर टाकला. गिलादला दोनदा फोन लावला, त्याने उचलला नाही.

साडेदहाला गाड्या येऊ लागल्या. ज्युडा नुसत्या स्वेटरवर, पायऱ्यांच्या मधोमध हात पसरून उभे होते. हिरव्या साड्यांवर जाड कोट घातलेल्या बायका, फुलांच्या पेट्या, केटररची व्हॅन. सगळं पार्किंगमध्ये तुंबलं.

"पप्पा, काय चाललंय?" गिलाद धावत आला. "लोक भिजतायत!"

"भिजू देत."

"इन्स्पेक्टरने साइन केलंय! तुम्हीच म्हणालात सेफ आहे!"

"खोटं बोललो मी." ज्युडांचा आवाज एरवी कधी चढत नसे, आताही चढला नाही. "खांब फिरत नव्हता. मी त्याला घासून फिरता केला. आज परत थांबलाय. तुळई खाली येतेय. कुणी आत जायचं नाही."

शेली छत्री घेऊन पुढे आल्या. "म्हणजे आम्हाला दाखवायला घासला? वा! सोयरीक चांगली जमली म्हणायची. खांबाला पॉलिश, आता मुलीलाही केलंय का?"

गिलादचा चेहरा लाल झाला. ज्युडा म्हणाले, "बाई, मला काय हवं ते बोला. पण त्या बाजूला उभं राहून बोला. इथे छपराचं पाणी पडतंय."

कुणीच हललं नाही. आरोन आईकडे बघत होता. तेवढ्यात डॅनिएला पुढे आली. तिने आजोबांच्या हातातला गेज बघितला, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नर्स रुग्णाकडे बघते तसं, घाई न करता.

"हाउ मच, आजोबा?"

"दीड. नऊ दिवसांत."

ती वळली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "एव्हरीवन टु द फार एंड! पार्किंगच्या पलीकडे! नाऊ!"

मलिदा एका गाडीच्या उघड्या डिकीत मांडला गेला. वर पाच छत्र्या धरल्या. पोह्यांत पावसाचे थेंब पडत होते, गुलाबाच्या पाकळ्या वाऱ्याने उडून चिखलात गेल्या. ऐंशी माणसं थंडीने दात वाजवत एलियाहू हन्नबीचं गाणं म्हणू लागली. शेलीही म्हणत होत्या, पण डोळे मिटून नाही, हॉलकडे बघत.

दुसऱ्या कडव्याला खाड् असा आवाज झाला. बंदुकीसारखा, एकच. गाणं जागीच थांबलं.

खांब वरपासून खालपर्यंत उभा चिरला होता. कधीच भार घ्यायचा नाही म्हणून घडवलेल्या त्या दगडावर सगळं येऊन टेकलं होतं. अर्धा कोनाड्यात तसाच राहिला, अर्धा पायऱ्यांवरून गडगडत खाली येऊन बर्फात रुतला. गिलाद दाराकडे निघाला तेव्हा डॅनिएलाने त्याची बाही धरली. दारावरची चौकट त्यांना लांबूनही तिरकी दिसत होती.

सोमवारी इंजिनीअर आला. बाहेरून विटा काढून त्याने तुळईच्या टोकात हात घातला आणि मूठभर लाकूड ओल्या केकसारखं बाहेर काढलं. लोखंडी टेकू लागले, भोवती कुंपण लागलं, बंदीचा कागद चिकटला. मंडळी म्हणू लागली की खांबाने वाचवलं, एलियाहू हन्नबीनेच वाचवलं. शेलींनी फोन करून नागावकरांच्या घराण्याचं कौतुक केलं, लग्न ठरल्याप्रमाणे होईल म्हणाल्या. ज्युडांनी रिसीव्हर सिपोराबाईंच्या हातात दिला. खिशातला पांढरा भुगा त्यांनी एका काचेच्या बाटलीत भरून बेसमेंटच्या टेबलावर, नेजदेतने दिलेल्या गवंडीकामाच्या करणीशेजारी ठेवला होता.

शुक्रवारी दोन वाजता ते नेहमीसारखे गेले. कुंपणाचं दार कामगारांनी उघडंच टाकलं होतं, कुणी दिसत नव्हतं. हात आपसूक कोनाड्याकडे गेला. तिथे आता रिकामी जागा होती. खाली काशाची खोबण, वर काशाची वाटी. सोमवारी टेकू लागल्यावर मोजलं होतं तसं त्यांनी टेप काढून दोहोंतलं अंतर मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

रस्त्यापलीकडे येऊन त्यांनी गिलादला फोन लावला.

"परवा माणसं आत जाणारेत का?"

"हो, सामान बाहेर काढायला. आठ जण. का?"

"जाऊ देऊ नकोस. सोमवारपासून आणखी चार मिलिमीटर आलंय खाली."

"पप्पा, टेकू लागलेत आता. इंजिनीअर स्वतः म्हणाला, सेफ आहे."

ज्युडा छपराकडे बघत होते. बर्फ वितळून गेला होता, तरी भिंतीवरची काळी ओल आता दुसऱ्या खिडकीपर्यंत पोचली होती.

"मीही तसंच म्हणालो होतो," ते म्हणाले.